पाण्याखालची दोनशे मीटरची लाट मोजतात कशी?

२१ एप्रिल २०२१ रोजी इंडोनेशियाच्या नौदलाची 'नांगाला' ही पाणबुडी बालीच्या उत्तरेला बुडाली. आतले ५३ जण गेले. सांगाडा सापडला तो आठशे मीटरहून जास्त खोलीवर, तीन तुकड्यांत. नंतर नौदलाच्या अधिकाऱ्यांनी एक शक्यता बोलून दाखवली. लोंबोक सामुद्रधुनीकडून आलेल्या पाण्याखालच्या लाटेने पाणबुडीला खाली ओढलं असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. हे कारण सिद्ध झालेलं नाही, आणि या लेखाचा तो विषयही नाही. पण त्या बातमीमुळे 'अंतर्गत लाट' हा शब्द अनेकांच्या कानावर पहिल्यांदा पडला. वर समुद्र शांत असताना खालून दोनशे मीटर उंचीची लाट जाते म्हटल्यावर कुणालाही वाटतं, हे कसं शक्य आहे? त्याहून चांगला प्रश्न असा की, ती मोजली कुणी आणि कशी?

## वर सपाट, खाली डोंगर

एका पारदर्शक बाटलीत सारखंच पाणी आणि तेल भरा, वर थोडी जागा राहू द्या, झाकण लावा आणि बाटली हळूच कलती करा. तेल आणि पाणी जिथे भेटतात ती रेघ संथपणे, पण चांगली उंच हेलकावते. तेलाचा वरचा पृष्ठभाग मात्र तितका हलत नाही. समुद्रात तेलाच्या जागी वरचं कोमट, हलकं पाणी असतं आणि पाण्याच्या जागी खालचं थंड, जड पाणी. या दोन थरांमधून जाणारी लाट म्हणजे अंतर्गत लाट.

उंचीचं रहस्य वजनातल्या फरकात आहे. किनाऱ्यावरची लाट पाणी हवेत उचलते. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी, त्यामुळे उचललेलं पाणी आपल्या जवळजवळ पूर्ण वजनानिशी खाली येतं. खोलवर उचललेल्या जड पाण्याच्या भोवती मात्र पाणीच असतं, फक्त हजारात दोन-तीन भागांनी हलकं. परत खाली ओढणारा जोर एवढासा. म्हणून तेवढ्याच धक्क्याने लाट प्रचंड उंच होते, आणि त्याच कारणाने ती सावकाश चालते. अडीच हजार मीटर खोल समुद्रात त्सुनामी सेकंदाला दीडशे मीटरच्या वर वेगाने जाते. त्याच जागी अंतर्गत लाटेचा वेग सेकंदाला दोन-तीन मीटर, म्हणजे धावणाऱ्या माणसाएवढा. दोनशे मीटरची लाट खालून गेली तरी वर पाणी जेमतेम अर्धा मीटर वर-खाली होतं, तेही किलोमीटरभर पसरून. जहाजावर उभ्या असलेल्या माणसाला ते कळणारही नाही.

जहाजाला मात्र कळू शकतं. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नान्सेन याचं 'फ्राम' हे जहाज १८९३ मध्ये आर्क्टिककडे जात असताना शांत समुद्रात अचानक मंदावलं होतं. इंजिनाची ताकद पृष्ठभागाखालच्या थरात लाटा उठवण्यातच खर्ची पडत होती. त्याचा उलगडा स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञ एकमनने १९०४ मध्ये केला.

## उंबरठा आणि भरती

अशा लाटा सामुद्रधुन्यांमध्येच एवढ्या जोरकस का निघतात? कारण तिथे समुद्रतळावर उंबरठा असतो. दोन खोल समुद्रांच्या मध्ये बुडालेली डोंगररांग, आणि तिच्यावरून दिवसातून एकदा-दोनदा भरती-ओहोटीचा प्रवाह इकडून तिकडे जातो. थर लागलेलं पाणी उंबरठ्यावर चढतं, पलीकडच्या उतारावरून खाली झेपावतं, आणि थरांना झोका बसतो. पाळण्याला ठरावीक वेळाने हात लावत राहावं, तसं हे वर्षानुवर्षं चालू असतं.

सगळ्यात जास्त अभ्यास झालेलं ठिकाण म्हणजे तैवान आणि फिलिपिन्सचं लुझॉन बेट यांच्यामधली लुझॉन सामुद्रधुनी. तिथे एक नाही, जवळजवळ समांतर अशा दोन रांगा आहेत. तिथून निघालेली लाट पश्चिमेला दक्षिण चीन समुद्र ओलांडते आणि साधारण दोन दिवसांनी दोंगशा बेटाजवळच्या उतारावर पोचते. याच समुद्रात डिसेंबर २०१३ मध्ये २४० मीटरची एकांडी लाट नोंदली गेली, आणि तिच्यातल्या प्रवाहाचा वेग होता सेकंदाला अडीच मीटर. अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाच्या पाठबळाने २०१०-११ मध्ये या सामुद्रधुनीत मोठी मोहीम झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये आले. उंबरठ्यापाशी दोनशे मीटरहून उंच लाटा पाण्याखालीच फुटतात आणि तिथली खळबळ खुल्या समुद्राच्या दहा हजार पटींहून जास्त असते, हा त्यातला एक. दुसरा कमी गाजला, पण महत्त्वाचा आहे. ही लाट उंबरठ्यापाशी गुळगुळीत, साध्या हेलकाव्यासारखी निघते आणि प्रवासात हळूहळू टोकदार होत जाते.

## लाट वेगळी, खळबळ वेगळी

लाटेत पाणी वर जातं आणि परत जागेवर येतं. थर वाकतात, मिसळत नाहीत. लाट फुटली की भोवरे तयार होतात, मोठ्यातून लहान, लहानातून अतिलहान, आणि शेवटी काही मिलिमीटरच्या पातळीवर पाण्याचा चिकटपणा त्यांना गिळून टाकतो. हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन संपते. या सगळ्या प्रकाराला इथे खळबळ म्हणू. विमानप्रवासात 'टर्ब्युलन्स' म्हणतात तीच.

खळबळ मोजायची म्हणजे एक किलो पाण्यात दर सेकंदाला किती ऊर्जा अशी संपते ते काढायचं. एकक आहे वॅट प्रति किलो. खोल, शांत समुद्रात हा आकडा एक अब्जांश वॅटच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. एक घन किलोमीटर पाण्याचं वजन ढोबळमानाने एक लाख कोटी किलो. म्हणजे एवढ्या अवाढव्य पाण्यात मिळून एक किलोवॅट, पाणी तापवायच्या एका छोट्या हीटरएवढी. दहा हजार पट म्हणजे तेवढ्याच पाण्यात दहा हजार हीटर. पण तो आकडाही प्रति किलो एक लाखांश वॅटच आहे. यामुळे पाणी तापल्याचं कुठल्याही थर्मामीटरवर दिसणार नाही. म्हणून खळबळ थेट कुणीच मोजत नाही, ती दुसऱ्या कशावरून तरी काढावी लागते.

म्हणजे एकाच वेळी दोन टोकं पकडायची आहेत. एक लाट दोनशे मीटर उंच आणि किलोमीटरभर रुंद. दुसरा भोवरा सेंटिमीटरभर. एक यंत्र दोन्ही पाहू शकत नाही, त्यामुळे तीन वेगवेगळे मार्ग एकत्र वापरतात.

## पहिला मार्ग: नांगरलेली तार

समुद्रतळावर जड नांगर (बऱ्याचदा रेल्वेची जुनी चाकं एकावर एक रचून केलेला), त्यावर ध्वनीची खूण मिळाली की उघडणारा आकडा (हुक), मग दोन-तीन हजार मीटर तार आणि वर तरंगणारे गोळे. याला मुअरिंग म्हणतात. तारेवर ठरावीक अंतराने तापमान मोजणारे छोटे नोंदक बसवलेले असतात. लाट गेली की प्रत्येक खोलीवरचं तापमान बदलतं आणि सगळ्या नोंदी शेजारी-शेजारी मांडल्या की लाटेचा आकार उमटतो.

प्रवाहासाठी ध्वनीवर चालणारं यंत्र असतं, एडीसीपी. ते चार दिशांना तिरके ध्वनिझोत सोडतं, पाण्यातल्या सूक्ष्म जिवांवरून आदळून आलेला प्रतिध्वनी ऐकतं, आणि त्याचा सूर किती चढला-उतरला यावरून पाण्याचा वेग काढतं. जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा वाटतो, तेच तत्त्व. ७५ किलोहर्ट्‌झचं यंत्र पाचशे-सहाशे मीटरपर्यंत पाहतं. ३०० किलोहर्ट्‌झचं शंभरेक मीटर, पण जास्त बारीक.

या यंत्राचा एक दोष कागदावर दिसत नाही. झोत उभ्या रेषेपासून २० अंश कललेले असतात. म्हणजे चारशे मीटर अंतरावर समोरासमोरचे दोन झोत एकमेकांपासून २९० मीटर दूर गेलेले असतात. यंत्र गृहीत धरतं की चारही झोतांना एकच पाणी दिसतंय. एकांड्या लाटेचा तीव्र उतार मधून जात असेल तर एक झोत लाटेच्या पुढे आणि दुसरा लाटेच्या आत असतो, आणि उभा वेग साफ चुकतो. शिवाय पृष्ठभागाजवळचा किंवा तळाजवळचा सुमारे सहा टक्के भाग वायाच जातो, कारण झोताच्या कडेने गळलेला आवाज थेट तिथे आपटून परत येतो आणि खऱ्या प्रतिध्वनीला बुडवतो. चारशे मीटरच्या पल्ल्यात हे २४ मीटर झाले. तळाजवळची खळबळ नेमकी तिथेच असते.

मुअरिंग टाकणं हेही कसब आहे. आधी गोळे पाण्यात सोडतात, जहाज हळू पुढे जात तार मागे पसरवत जातं आणि शेवटी नांगर ढकलतात. नांगर खाली जाताना मागच्या तारेच्या ओढीने थोडा गोळ्यांच्या बाजूला सरकतो, साधारण खोलीच्या एक दशांश. दोन हजार मीटरवर हे दोनशे मीटर. सपाट तळावर फरक पडत नाही. डोंगराच्या माथ्यावर मात्र दोनशे मीटर म्हणजे भलताच उतार, भलतीच खोली आणि गरजेपेक्षा लांब किंवा आखूड ठरलेली तार. म्हणून ते सरकणं आधीच धरून जहाज ठरलेल्या जागेच्या पुढे जाऊन नांगर सोडतं, आणि मग तीन ठिकाणांहून आकड्याला ध्वनीने हाक मारून तो नेमका कुठे बसला ते काढतात.

नंतरच्या भानगडी:

जोरात प्रवाह आला की तार वाऱ्यातल्या बांबूसारखी वाकते. वरचं नोंदक शंभर-दोनशे मीटर खाली जाऊ शकतं, आणि खाली पाणी थंड असतं. दाबाची नोंद सोबत नसेल तर हे तारेचं वाकणं हुबेहूब लाटेसारखं दिसतं. दाबमापक स्वस्त नाहीत, म्हणून दर चार-पाच नोंदकांमागे एक लावून मधल्यांची खोली हिशेबाने काढतात. इथे काटकसर केलेली मुअरिंगं नंतर फार डोकं खातात.

मासेमारीची लांब दोरी तारेत अडकते. काचेचा एखादा तरंगता गोळा दाबाने फुटला तर त्याच्या धक्क्याने शेजारचेही फुटू शकतात. दोन वेगळे धातू समुद्राच्या पाण्यात एकमेकांना टेकले तर महिन्याभरात शॅकल (जोडाची धातूची कडी) कुरतडलं जातं, त्यामुळे मध्ये प्लॅस्टिकची बुशिंग लागते. आणि आकडा न उघडण्याची भीती कायम असते. म्हणून दोन आकडे समांतर लावतात. कुठलाही एक उघडला तरी तार सुटून वर येते.

घड्याळ हा सर्वांत क्षुल्लक वाटणारा, पण डेटा नासवणारा भाग. प्रत्येक नोंदकाचं घड्याळ वर्षभरात मिनिटभर तरी पुढे-मागे जातं. लाटेची समोरची बाजू काही मिनिटांत खाली उतरते, तेव्हा हे मिनिट जाणवतं. सोडण्याआधी आणि काढल्यावर सगळी नोंदकं एकाच वेळी गार पाण्याच्या टबात बुडवून काढायची. सगळ्यांच्या नोंदीत तो खड्डा दिसतो आणि घड्याळं जुळवता येतात.

## दुसरा मार्ग: यंत्र खाली-वर सोडणं आणि पाणी 'लावून' पाहणं

जहाजावरून तारेने सीटीडी नावाचं यंत्र खाली सोडतात. ते पाण्याची विद्युतवाहकता (हिच्यावरून क्षारता काढतात), तापमान आणि दाब सेकंदाला चोवीस वेळा नोंदतं. त्यातून प्रत्येक खोलीची घनता निघते.

आता युक्ती. शांत पाण्यात खाली जाताना घनता वाढतच गेली पाहिजे. लाट फुटत असेल तर काही ठिकाणी जड पाणी हलक्याच्या वर आलेलं सापडेल. समुद्रशास्त्रज्ञ स्टीव्ह थॉर्प यांनी १९७७ मध्ये लॉक नेस या स्कॉटिश सरोवरातल्या नोंदींवरून सुचवलं की सगळी मोजमापं संगणकावर घनतेच्या क्रमाने पुन्हा लावावीत आणि प्रत्येक पाण्याच्या तुकड्याला आपल्या जागी जायला किती मीटर सरकावं लागलं ते पाहावं. पत्त्यांचा पिसलेला जोड परत क्रमाने लावताना प्रत्येक पत्ता किती घरं हलला, तसंच. या सरकण्याचा सरासरीसारखा एक आकडा काढतात. मोठ्या उलथापालथीत तो पन्नास मीटर निघू शकतो.

त्यातून खळबळ काढायला दुसरी गोष्ट लागते, थरांचा ताठपणा. पाण्याचा तुकडा जरा खाली ढकलून सोडला तर तो किती वेळात हेलकावा पुरा करतो? खोल सामुद्रधुनीत हा वेळ पन्नासेक मिनिटं असू शकतो. पन्नास मीटरची उलथापालथ आणि पन्नास मिनिटांचा हेलकावा यांचा हिशेब मांडला की उत्तर येतं सुमारे एक लाखांश वॅट प्रति किलो. मघाचे दहा हजार हीटर हेच.

पद्धत स्वस्त आहे, पण तिच्यात एक फसगत लपलेली आहे. पन्नास मिनिटांचा हेलकावा म्हणजे दाबाचा परिणाम वगळता शंभर मीटर खोलीमागे एका घनमीटर पाण्याच्या वजनात फक्त चाळीसेक ग्रॅमचा फरक. एका घनमीटरचं वजन टनाहून जास्त. घनतेच्या नोंदीत एका ग्रॅमची थरथर असली तरी अडीच मीटरची 'उलथापालथ' फुकट दिसते, जी तिथे नसतेच. म्हणून यंत्राच्या थरथरीपेक्षा लहान उलथापालथी मोजायच्याच नाहीत, हा नियम.

ही थरथर येते कुठून? तापमानाचा आणि वाहकतेचा संवेदक एकाच क्षणी प्रतिसाद देत नाहीत. एक किंचित मागे राहतो आणि क्षारतेच्या आलेखात खोटे काटे उमटतात. दुसरं कारण जहाजाचं डुलणं. लाटेवर जहाज वर उचललं गेलं की खाली जाणारं यंत्र क्षणभर थांबतं किंवा मागे येतं, आणि त्याच्याच मागे ओढत आलेलं पाणी त्याला पुढे गाठतं. मग ते स्वतःचीच खळबळ मोजतं. म्हणून उतरण्याचा वेग एका किमान मर्यादेखाली गेला की तेवढ्या नोंदी टाकून द्याव्या लागतात. वर येतानाच्या नोंदी तर बहुधा बाद, कारण संवेदक यंत्राच्या खालच्या बाजूला असतात आणि वर येताना सगळा सांगाडा पाणी ढवळत त्यांच्या पुढे जातो.

## तिसरा मार्ग: बोटाच्या पेराएवढं टोक

खरा सेंटिमीटरचा भोवरा पकडायचा तर शिअर प्रोब लागतो. गोलसर निमुळतं रबरी टोक, आत सिरॅमिकची पातळ पट्टी, जी वाकली की व्होल्टेज देते. टोकावर बाजूने पाणी ढकललं गेलं की पट्टी अगदी किंचित वाकते. हा प्रोब लांबट नळीसारख्या यंत्राच्या नाकावर बसवतात आणि यंत्र सेकंदाला साठ-सत्तर सेंटिमीटर वेगाने मुक्तपणे पडू देतात, सेकंदाला पाचशेच्या वर नोंदी घेत.

किती बारीक गोष्ट पकडायची आहे? शांत समुद्रात एका सेंटिमीटर अंतरावरच्या दोन बिंदूंच्या वेगात सेकंदाला एक दशांश मिलिमीटरचा फरक. फुटणाऱ्या लाटेत तोच फरक सेकंदाला एक सेंटिमीटर, म्हणजे शंभर पट. खळबळ या फरकाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून शंभर पट फरक म्हणजे दहा हजार पट खळबळ.

यंत्र मुक्त पडलंच पाहिजे. ताणलेली केबल वाऱ्यातल्या तारेसारखी गुणगुणते आणि ती कंपनं प्रोबला भोवऱ्यांसारखीच वाटतात. म्हणून केबल लागणाऱ्या यंत्रात विंचवरचा (केबल सोडणाऱ्या-गुंडाळणाऱ्या चाकावरचा) माणूस ती कायम ढिली ठेवतो, थोडी जास्तच सोडत. आत कंपनमापकही असतो. त्याच्या नोंदीशी जुळणारा भाग प्रोबच्या नोंदीतून हिशेबाने वजा करतात. फार खोल जाणारी यंत्रं केबलशिवाय जातात, ठरलेल्या दाबावर वजन टाकून देतात आणि तरंगत वर येतात. वजन सुटलंच नाही तर यंत्र गेलं, म्हणून दाबाशिवाय वेळेवर सुटणारा आणि पाण्यात गंजून तुटणारा असे राखीव बंदोबस्त ठेवलेले असतात.

पडण्याचा वेग नेमका माहीत असावा लागतो, कारण उत्तर वेगाच्या चौथ्या घातावर अवलंबून आहे. वेगात पाच टक्के चूक झाली तर खळबळीत वीस टक्के. फुटणाऱ्या लाटेत तर पाणी स्वतःच वर-खाली जात असतं. एखादा जेलीफिशचा तुकडा टोकावर आपटला की आलेखात सुळका येतो. नेहमी दोन प्रोब शेजारी-शेजारी लावतात ते यासाठीच. दोघांच्या आकड्यांत खूप अंतर पडलं तर मोठा आकडा संशयित.

## सरासरी नावाचा सापळा

आता मुद्द्यावर येतो. यंत्रं उत्तम असली तरी सामुद्रधुनीतलं मोजमाप बहुतेक वेळा फसतं ते चुकीच्या वेळी मोजल्यामुळे.

साधा हिशेब करू. समजा शंभर वेळा मोजलं, नव्याण्णव वेळा एक अब्जांश आला आणि एकदाच, लाट फुटत असताना, एक लाखांश. सरासरी येते एक कोट्यंश, म्हणजे नेहमी दिसणाऱ्या आकड्याच्या शंभर पट. ती एक नोंद चुकली तर उत्तर शंभर पटींनी चुकलं. इथे बहुतांश काम थोड्या क्षणांत उरकतं, आणि ते क्षण भरतीच्या घड्याळाला बांधलेले असतात.

जहाज दोन हजार मीटर खोलीवर थांबलं आहे. विंच सेकंदाला एक मीटर. खाली-वर एक फेरी सुमारे ६७ मिनिटांची. साडेबारा तासांच्या भरतीचक्रात जेमतेम अकरा फेऱ्या. टोकदार एकांडी लाट वीसेक मिनिटांत निघून जाते, म्हणजे यंत्र तळाशी असताना ती वरून गेली तर पत्ताच नाही. उंबरठ्यावरची उलथापालथ मात्र तास-दोन तास टिकते, त्यामुळे ती या जाळ्यात सापडते. एकांड्या लाटेसाठी मिनिटाला नोंद देणारी मुअरिंगच हवी. लुझॉनमध्ये दिवसातून एकदाची आणि दोनदाची अशा दोन्ही भरत्या जोरकस आहेत, म्हणून एका ठिकाणी पंचवीस तासांहून कमी थांबण्यात अर्थ नाही. त्याशिवाय उधाण (मोठी भरती) आणि भांग (छोटी भरती) यांचा पंधरवड्याचा चढउतार. प्रवाह दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. फक्त उधाणात मोजून वर्षाची सरासरी सांगणं म्हणजे सणाच्या दिवशीची गर्दी मोजून रोजची सांगणं.

जहाजाचा वेळ महाग असतो, म्हणून नकाशावर जास्तीत जास्त ठिपके भरायचा मोह होतो. तो आवरावा. तीस जागी एकेकदा मोजण्यापेक्षा तीन जागी पूर्ण भरतीचक्र मोजलेलं बरं.

## 'उपग्रहावरून दिसतं ना, मग खाली कशाला?'

दिसतं खरं. लाट खालून जाताना पृष्ठभागावरचं पाणी कुठे एकत्र ढकललं जातं, कुठे फाकतं. बारीक तरंग एका पट्ट्यात दाटतात, दुसऱ्यात विरतात. रडार आणि सूर्याची चमक यांत हे पट्टे शंभर-शंभर किलोमीटर लांब दिसतात. १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेतल्या छायाचित्रांत अंदमान समुद्रातले असे पट्टे आहेत. पाच वर्षांनी ऑस्बोर्न आणि बर्च यांनी त्याच समुद्रातल्या प्रत्यक्ष नोंदींवरून त्या लाटांचं रूप मांडलं.

पण उपग्रहाला लाटेची दिशा, अंतर आणि रांगेची लांबी कळते. उंचीचा अंदाज करायला थर किती खोल आहेत हे खालून कळावं लागतं. आणि खळबळ तर त्याला दिसतच नाही, दीड हजार मीटरवरच्या भोवऱ्याची वर काहीच खूण नसते.

## 'मग संगणकावर गणित करा'

तेही करतात. लाटेचा प्रवास संगणक चांगला दाखवतो. लुझॉनमध्ये मोजलेला आणि गणिताने काढलेला ऊर्जाप्रवाह दुपटीच्या आत जुळला. पण गणिताची चौकट शंभर मीटरची असो वा किलोमीटरची, सेंटिमीटरचा भोवरा तिच्यात मावत नाही. लाट फुटल्यावर काय होतं हे एका सूत्राने आत घालावं लागतं, आणि ते सूत्र मोजमापातूनच येतं.

## 'दुपटीने चुकणारं मोजमाप काय कामाचं?'

रास्त शंका. दोन प्रोबमध्ये दुपटीचा फरक आला तरी मंडळी समाधानी असतात, हे बाहेरच्याला विचित्र वाटतं. पण मोजायची वस्तू दशअब्जांशापासून लाखांशापर्यंत, म्हणजे एक लाख पटींच्या टप्प्यात बदलते. अशा वेळी दुपटीच्या आत असणं म्हणजे बऱ्यापैकी नेमकं असणं. दहापट चूक मात्र चालत नाही, त्यामागे एक जुना तिढा आहे.

खोल समुद्रातलं थंड पाणी ध्रुवांकडे बुडतं. ते परत वर यायचं तर वरची उष्णता खाली मिसळली पाहिजे. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी १९६६ मध्ये त्यासाठी किती मिसळण लागेल याचा हिशेब मांडला. नुसत्या रेणूंच्या भरवशावर उष्णता शंभर मीटर खाली जायला दोन हजारांहून जास्त वर्षं लागतील. मंक यांच्या आकड्याने तीन-चार वर्षं. पण प्रोब घेऊन खुल्या समुद्रात गेलेल्यांना मिळाली त्याच्या एक दशांश मिसळण. यंत्र चुकतं की काय, म्हणून १९९२ मध्ये अटलांटिकमध्ये तीनशे मीटर खोलीवर जवळजवळ १४० किलो सल्फर हेक्झाफ्लोराइड हे खुणेचं रसायन सोडलं, आणि ते किती पसरतं हे वर्षभर पाहिलं. उत्तर प्रोबशी जुळलं. यंत्र बरोबर होतं, तिथली मिसळणच कमी होती.

उरलेली कुठे होते, हा शोध मग खडबडीत तळाकडे, बुडालेल्या डोंगरांकडे आणि सामुद्रधुन्यांकडे वळला. उपग्रहांच्या नोंदींवरून २००० च्या सुमारास दिसलं की भरती-ओहोटीची सुमारे दहा लाख मेगावॅट ऊर्जा खोल समुद्रातच खर्च होते, आणि ती अशाच ठिकाणी एकवटलेली. हवामानाच्या मॉडेलमध्ये ती कुठल्या खोलीवर आणि कुठल्या रांगेपाशी घालायची, यावर खोल पाण्याचं अभिसरण किती जोरकस येतं ते ठरतं.

## उंबरठ्यावर न संपलेली ऊर्जा

लुझॉनमधून निघालेल्या ऊर्जेचा एक वाटा तिथल्या तिथे फुटून संपतो. उरलेली लाट घेऊन जाते आणि दोन दिवसांनी दोंगशाजवळ उतार उथळ होत जातो तशी ती मंदावते, पुढचा-मागचा आकार बदलते, फुटते. तिथल्या उतारावर पंधरा-सोळा मीटर उंच वाळूच्या टेकड्या सापडल्या आहेत, आणि त्या याच लाटांच्या तळाजवळच्या प्रवाहाने घडतात असं मानलं जातं. खालचं थंड, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. जहाजावरच्या निरीक्षकांनी तिथे पायलट व्हेल लाटेच्या मागून, तिच्याच वेगाने पोहताना पाहिले आहेत.